आत्याबाई माझ्या तोंडून बोलल्या

प्रिय शके,

दिवाळीनंतर पत्र नाही, शिव्या दे. गुडघे आहेत तसेच, ह्यांची शुगरही. फोन केला असता, पण घर एवढंसं, पलीकडच्या खोलीत सून. आणि गोष्ट तिचीच आहे.

तिचं पोस्टात नाव लागलं. ग्रामीण डाक सेवक. परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या मार्कांवर यादी लागते. दिवसाचे चार-पाच तास काम, महिना 10 हजार अन् वर भत्ता. पण गाव गोंदवल्याच्या पलीकडं, स्कूटीवर 22 किलोमीटर. कागद घेऊन चुलीपाशी आली. मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "घरातलं बघून काय करायचं ते कर."

आठवलं? 1989, माझी अंगणवाडीची ऑर्डर, तू दारात चपला घालून उभी, आणि सासूबाई, आपल्या आत्याबाई. शब्दाला शब्द तोच गं! त्याही 'नाही' म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. तू मला गोठ्यातली गाय म्हणालीस, मी दोन वर्षं अबोला धरला. (सायकल तुला मी शिकवली, ओढ्यात तू मला पाडलंस, हे विसरले नाहीये.)

सूनही काही बोलली नाही. कागदाची घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवली. अजून तिथंच आहे.

रात्री झोप नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला जायच्या, आपण सुकडीच्या आशेनं मागं. तेव्हा घरातलं कोण बघणार, असं कुणी विचारलं? आताही सून दिवसभर दुसऱ्याच्या डाळिंबात राबते, अन् पाहुण्यांना आम्ही सांगतो, "घरीच असते." रोजगार चालतो, नोकरी म्हटली की भाऊबंदांच्या भुवया वर. पोरगा म्हणतो, आई म्हणेल तसं. त्याच्या बापानंही असंच अंग काढून घेतलं होतं. आणि खरं सांगू? नातवाला दिवसभर सांभाळायचा मलाच कंटाळा आलाय. अब्रूबिब्रू नंतरची.

तुझं मानधन वेळेवर येतं का? आझाद मैदानातून आल्यावरचा खोकला गेला? धाकटीचं जमलं तर कळव.

शुक्रवारी कागद तपासणी आहे. तू तिला फोन कर, सांग म्हातारी हो म्हणाली. मला तोंडावर जमेना. पेट्रोलला पाचशे रुपये त्याच डब्याखाली ठेवलेत, तिनं अजून उचलले नाहीत.

तुझी,
सुमी