ओमच्या नावावर पैसे नकोत

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा मी फटकन "नको" म्हणाले आणि तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात, तेव्हापासून चुटपुट लागलीये, म्हणून निवांत लिहायला बसले. आम्ही मजेत आहोत. थंडी सुरू झालीये पण घरात हीटर असतो, ओम व्यवस्थित जेवतो, आणि हो आई, गोळ्या मी स्वतः देते, विसरत नाही.

तर कोथरूडच्या रिडेव्हलपमेंटच्या पैशातले पाच लाख ओमच्या नावावर करायचं म्हणताय. नका करू. तुमचे पैसे नकोत असं नाही हो. ओमला १८ पूर्ण झाली तसं सरकारने आमचा पगार बघणं सोडलं, आता फक्त त्याचं बघतात, म्हणून त्याला एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंगांना मिळणारी सरकारी मदत, सुरू झालं, यंदा २०२५ मध्ये केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर. पण एक तारखेला त्याच्या नावावर २,००० डॉलरच्या वर काही दिसलं की त्या महिन्याचे पैसे गेले, आणि त्यालाच जोडलेलं मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा आहे, म्हणजे डॉक्टर, औषधं सगळंच. हा २,००० चा आकडा १९८९ पासून तसाच आहे, तेव्हा मी तिसरीत होते आणि आपल्याकडे नवी स्कूटर आली होती!

आई, वाढदिवसाला तू ३०० डॉलर पाठवलेस ना, मी हौसेने त्याच्याच खात्यात टाकले. एसएसआयच्या हिशेबात भेट म्हणजे उत्पन्न, पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. पहिले २० सोडले आणि उरलेले २८० दोन महिन्यांनी त्याच्या रकमेतून वजा झाले. म्हणजे तुझ्या ३०० मधले त्याच्या वाट्याला २०. तुला सांगितलं नव्हतं, कारण पेन्शनमधून बाजूला काढलेले होते ते, माहितीये मला. त्यापेक्षा बाकरवडी पाठव. खरंच, गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरपासून खाण्याची मदत मोजणं बंद केलंय.

आणि ते भाड्याचं. "पोटच्या पोराकडून भाडं घेतेस?" असं आत्या म्हणाली म्हणे. हो, घेते. तो आमच्याकडे फुकट राहतो असं दिसलं तर एसएसआयची रक्कम साधारण एक तृतीयांश कापतात, म्हणून घराच्या खर्चातला त्याचा वाटा काढायचा, कागदावर लिहून सह्या करायच्या, आणि दर महिन्याला त्याच्या खात्यातून आमच्या खात्यात घ्यायचा. पहिल्यांदा सही करताना ओमने पेन उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन जरा वेळ बसले. इथे सगळेच करतात हे, कोणाला काही वाटत नाही. आत्याला एवढं सगळं सांगू नका, नुसतं "तिकडे तसंच असतं" म्हणा.

बाबा, द्यायचेच असतील तर मला भेट म्हणून द्या, मी त्याच्या एबल खात्यात भरते. अपंगांसाठीचं खातं आहे, यंदा २०२५ मध्ये त्यात वर्षाला १९,००० डॉलर भरता येतात आणि एसएसआयवाले त्यातले एक लाख डॉलरपर्यंत धरतच नाहीत. मृत्युपत्रात मात्र त्याचं नाव थेट घालू नका, ट्रस्टच्या नावे लिहावं लागेल, इथल्या वकिलाकडून मसुदा घेऊन पाठवते, तोवर सही करू नका. मृत्युपत्राचं असं पत्रात लिहितेय, रागावू नका.

रेवाच्या लग्नाला आम्ही येतोय पण तीनच आठवडे. दादाला वाटतंय मी टाळतेय. ओम सलग ३० दिवस बाहेर राहिला की पैसे बंद, मग परत येऊन सलग ३० दिवस इथे काढल्यावर सुरू. मी एकटी जास्त राहू शकते, पण त्याला सोडून कसं राहू? ग्रहमखाला आम्ही असू, पूजेपर्यंत थांबू. दादाला केटरिंगला पैसे कमी पडत असतील तर सांगायला सांग, लाजू नकोस म्हणावं.

तुमची,
मनू

ता. क. आई, कपाटातल्या डब्यात ते सोन्याचं वेढणं आहे त्याच्यावर तू "ओमचं" अशी चिठ्ठी लावलीयेस ना, तेवढी काढून टाक.