आगबोट चालती राहते, मग इंजिन का नाही?

महोदय,

जुने यंत्र जपायचे म्हणजे त्याला रंग द्यायचा आणि चबुतऱ्यावर उभे करायचे, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो असता डार्ट नदीवर ‘किंग्जवेअर कॅसल’ या कोळशावर चालणाऱ्या, दोन्ही अंगांना पाणी लोटणारी चाके असलेल्या आगबोटीतून दिवसभराची सहल घडली आणि ही समजूत किती तोकडी आहे ते कळले.

ही बोट १९२४ साली डार्टमथला बांधली गेली. तिचे इंजिन मात्र १९०४ चे, त्याच नावाच्या आधीच्या बोटीतून काढून बसवलेले. १९६५ मध्ये ती सेवेतून बाहेर पडली. एरवी ती भंगारातच जायची, पण अशा बोटींसाठी झटणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्थेने १९६७ मध्ये ती विकत घेतली, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ती उभी केली, मेडवे नदीवर तिने बरीच वर्षे प्रवासी नेले आणि २०१३ पासून ती आपल्या मूळ डार्ट नदीवर पुन्हा प्रवासी नेऊ लागली. याच नदीवरच्या टॉटनेस गावाच्या धक्क्यापर्यंत भरतीलाच पुरेसे पाणी असते, त्यामुळे बोटीचे वेळापत्रकही भरती-ओहोटी पाहूनच ठरते.

डेकवरून खाली पाहिले की तेलाने चकाकणारे क्रँक फिरताना दिसतात. फायरमन बेलच्याने कोळसा टाकत होता तो थोडाथोडा, पण सारखा, आणि भट्टीभर पातळ पसरून. कारण ढीग झाला की आग गुदमरते, धूर होतो आणि वाफेचा दाब पडतो. भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन असलेले माझे वडील हेच सांगत असत. पुस्तकात वाचून हे हाताला येत नाही. त्या बोटीवर जाणती माणसे नवख्यांना शेजारी उभे करून शिकवतात, म्हणूनच इतके जुने इंजिन अजून फिरते.

आपले भुसावळ रेल्वेमुळे वाढलेले गाव. वाफेच्या इंजिनावर घाम गाळलेली जी माणसे येथे आज हयात आहेत, ती सारी उतारवयात आहेत. चालते इंजिन जपणे आपल्या देशाला अशक्य आहे असेही नाही. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली आहेत आणि १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिनही पुन्हा रुळांवर धावले आहे. तेव्हा रेल्वे प्रशासनाने भुसावळला एखादे लहान इंजिन वर्षातून निदान काही दिवस वाफेवर चालवण्याचा विचार करावा. त्यासाठी निधी आणि परवानग्या मिळायला वेळ लागेल हे मान्य; परंतु या वृद्ध कामगारांकडून बॉयलर पेटवण्यापासून राख काढण्यापर्यंतचे सारे काम चित्रफितीत नोंदवून घेणे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना त्यांच्याजवळ बसवणे, एवढे तर याच वर्षी सुरू करता येईल.

आपला,
एक वाचक, भुसावळ