संशोधनाचा पैसा मध्येच तोडू नका: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञान व शिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार.

अर्थसंकल्प जवळ आला की संशोधनासाठी एकूण तरतूद किती, यावर चर्चा होते. ती वाढायला हवी, यात मला शंका नाही. पण आज मागणे वेगळे आहे. जो पैसा मंजूर होतो तो वेळेवर पोहोचावा आणि मध्येच तुटू नये.

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. हवामानबदल समजावताना हाच आलेख जगभर दाखवला जातो. या नोंदींत १९६४ मध्ये काही महिन्यांचे खिंडार आहे. सरकारी खर्चात कपात झाली आणि मोजणी थांबली. ते महिने आता कितीही पैसा खर्चून मोजता येणार नाहीत.

याउलट अंटार्क्टिकावरचे हॅली केंद्र पाहा. तिथे १९५० च्या दशकापासून ओझोनची मोजणी नेमाने होत राहिली. वर्षानुवर्षे त्यातून बातमी होईल असे काहीच निघाले नाही. पण १९८५ मध्ये ओझोनचा थर विरळ होत असल्याचे जगाला कळले ते याच नोंदींमुळे, आणि दोनच वर्षांत ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार झाला. ‘यातून काय निष्पन्न झाले?’ असे दरवर्षी विचारून अनुदान ठरवले असते, तर हे काम टिकले असते का, याचा आपण विचार करावा.

अनुदान अडकले की आधी माणसे जातात. पीएचडीच्या विद्यार्थ्याची छात्रवृत्ती महिनोन्महिने आली नाही तर तो उसनवारी करतो, मग मिळेल ती नोकरी धरतो. यंत्र पुन्हा विकत घेता येते. ते हाताळण्यात तयार झालेला माणूस घेता येत नाही. आणि वर्ष संपता संपता हाती पडलेली रक्कम घाईने खर्च करावी लागते, तेव्हा गरजेचे नव्हे तर लगेच मिळेल ते सामान घेतले जाते.

शाळांतही हेच घडते. सूक्ष्मदर्शक एकदा मिळतो, पण काचपट्ट्या, रसायने, दुरुस्ती आणि प्रयोगशाळा सहायकाचा पगार यांसाठी दरवर्षी पैसा लागतो. तो नसला की प्रयोग फळ्यावर होतो आणि मुले न केलेल्या निरीक्षणांचा तक्ता वहीत उतरवून घेतात. मला याचे सर्वाधिक वाईट वाटते. स्वतः मोजल्यावर दोघांची उत्तरे वेगळी का आली, हा प्रश्न त्यांना पडतच नाही, आणि विज्ञानाची सुरुवात तर तिथूनच व्हायची असते.

म्हणून विनंती अशी: दीर्घकालीन नोंदींसाठी किमान दहा वर्षांचा निधी कायद्याने बांधून द्यावा. छात्रवृत्ती पगाराप्रमाणे दरमहा ठरल्या तारखेला जमा व्हावी. शाळांच्या प्रयोगशाळांना आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या, खर्चासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाची वेगळी नोंद) असावे, आणि त्यातली रक्कम दुसरीकडे वळवण्याची मुभा कुणालाही नसावी. याआधी मात्र आज थकलेल्या छात्रवृत्ती आणि अनुदानांची यादी जाहीर करावी आणि ती कधी चुकती होणार, त्याची तारीखही द्यावी.

आपला,
एक विज्ञानशिक्षक