कृष्णाकाठचे सॅटेलाईट फोटो छापा

संपादक साहेब, नमस्कार. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. परवा पुतण्याने मोबाईलवर लँडसॅट या अमेरिकेच्या उपग्रहांचे जुने फोटो दाखवले, पहिला लँडसॅट १९७२ ला सोडला आणि २००८ पासून फोटो सगळ्यांना फुकट आहेत, मला हे माहीतच नव्हतं. एका फोटोत नदीकाठची मळी, ओढ्याची हिरवी रेघ, आणि नंतरच्या वर्षांच्या फोटोत तिथंच पांढुरके ठिपके, म्हणजे छपरं आणि प्लॉटिंग. पोटात गोळाच आला. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार तर ढगातून पण बघतं, म्हणजे ऐन पावसात पाणी कुठवर पसरलंय ते कळतं, आणि हिरवं पान इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं त्यावरून रान कुठं कमी झालं ते पण काढता येतं.

माझी विनंती एवढीच, दरवर्षी मे महिन्यात जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी छापा, पहिल्या पानावर. कोणता ओढा बुजला ते नाव घालून सांगा, घर घेणाऱ्याला आधी कळू दे.

– एक वाचक, गावभाग, सांगली