ताई, त्या ३८४ फोटोंसाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

त्या रात्री फोनवर मी नुसतं "थँक्यू ताई, थँक्यू" करत राहिले, तुम्ही "बरं बरं, जा आता झोप" म्हणून फोन ठेवलात आणि मला जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आज बसून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण मी ज्यात तीन आठवडे अडकले होते त्यात अजून कितीतरी जण अडकत असणार, आमच्याच लॅबमधले दोघं सध्या त्याच वाटेवर आहेत.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. ९६ वेलची (म्हणजे पेशी वाढवायच्या छोट्या खड्ड्यांची) प्लेट, प्रत्येक वेलचे ४ फोटो, म्हणजे ३८४ फोटो, सगळे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचे. कॅमेरा १२ बिटचा, फाईल मात्र १६ बिटची टिफ. म्हणजे कॅमेरा जास्तीत जास्त ४०९५ पर्यंत आकडा देणार आणि फाईलमध्ये जागा ६५५३५ पर्यंत, त्यामुळे साध्या व्ह्यूअरमध्ये उघडलं की सगळं काळंकुट्ट. आमचा सिग्नल तर १४५० च्या पुढे जातच नव्हता. एकेक फोटो हाताने उजळवत बसायचं तर प्रत्येक वेळी डोळ्याचा अंदाज वेगळा पडणार, म्हणून म्हटलं स्क्रिप्ट लिहू, फोल्डर देऊ, सगळ्यांचा कॉन्ट्रास्ट एकदम होऊन जाईल. एवढंच तर काम होतं.

पहिली स्क्रिप्ट मी पायथनमध्ये लिहिली, १६ बिटचा फोटो वाचायचा, ८ बिटमध्ये कास्ट करायचा (म्हणजे आकडे तसेच ८ बिटच्या जागेत टाकायचे), सेव्ह करायचा. चालली, एरर नाही, काही नाही. फोटो उघडले तर बॅकग्राउंड पांढरट आणि प्रत्येक न्यूक्लियसमध्ये (पेशीच्या केंद्रकात) एकात एक काळ्या कडा, नकाशात डोंगराभोवती उंचीच्या रेषा काढतात ना, अगदी तशा. मी झूम करून मोजल्या, मोठ्या न्यूक्लियसमध्ये पाच होत्या. आणि ताई, दोन दिवस मी हे काहीतरी बायॉलॉजी आहे असं समजून वाचत बसले होते, पेशींना काहीतरी झालंय, न्यूक्लियसच्या आत काहीतरी थर तयार होतायत, असलं बरंच काही डोक्यात येऊन गेलं.

तुम्हाला फोन लावला तेव्हा मला वाटलं तुम्ही म्हणाल स्क्रिप्ट पाठव. तुम्ही आधी विचारलंत, "मूळ फाईल कुठे आहेत?" मी बघितलं तर माझी स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने सेव्ह करत होती. मूळ फाईल दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, फक्त म्हणालात आधी त्या डिस्कवरचं फोल्डर रीड ओन्ली कर, मी थांबते. आणि खरंच थांबलात, फोन चालू ठेवून.

मग तुम्ही म्हणालात, "फोटो बघू नकोस, त्या न्यूक्लियसवरून एक आडवी रेघ ओढ आणि खालचे आकडे वाच, मूळ फाईलमधले." मी वाचत गेले, २१०, २१४, २३८, २५१, ३००, ४१०... तुम्ही म्हणालात थांब, ३०० च्या जागी ८ बिटच्या फोटोत काय आहे? ४४. "३०० मधून २५६ वजा कर." ४४! ८ बिटमध्ये २५५ च्या पुढे आकडा मावत नाही, आणि नुसतं कास्ट केलं की तो वरच्या वर थांबत नाही, परत शून्यापासून सुरू होतो. म्हणून २१० चं बॅकग्राउंड पांढरट आणि २५६ आला की एकदम काळं. "आता १४५० ला २५६ ने भाग." पाच वेळा जातं. पाच कडा. मी मोजलेल्याच पाच. ताई, तो क्षण मी विसरणार नाही, दोन दिवस मी पेशीत जे शोधत होते ते एका भागाकारात निघालं.

त्यानंतर मी पायथन बाजूला ठेवून फिजी ह्या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरवर गेले, कारण लॅबमध्ये सगळे तेच वापरतात. मॅक्रो रेकॉर्डर (आपण जे दाबतो त्याची मॅक्रो म्हणजे स्क्रिप्ट लिहून देणारा) चालू केला, ब्राइटनेस कॉन्ट्रास्टच्या खिडकीतलं ऑटो दाबलं, रेकॉर्डरमध्ये जी ओळ आली, एन्हान्स कॉन्ट्रास्ट सॅच्युरेटेड ०.३५, ती उचलून लूपमध्ये टाकली. इथे दोन भानगडी झाल्या. एक म्हणजे दीडशेच्या आसपास फोटो झाले की मेमरी संपली म्हणून बंद पडायचं. २०४८ बाय २०४८ चा १६ बिट फोटो म्हणजे ८ एमबी, सगळे मिळून ३ जीबीच्या वर, आणि मी एकही फोटो बंद करत नव्हते, बॅच मोडमध्ये खिडक्या दिसत नाहीत म्हणून मला वाटायचं आपोआप जातात. जात नाहीत, लूपच्या शेवटी क्लोज लिहावंच लागतं. दुसरं म्हणजे ३८४ आत गेले आणि ३७१ बाहेर आले. ते १३ कुठे गेले हे मी अख्खा एक दिवस शोधलं. तुम्ही म्हणालात गेलेल्या तेरांची यादी काढ आणि नावं शेवटाकडून वाच. त्यांचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये होतं! मॅक्रोला स्मॉल आणि कॅपिटल टिफ ह्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, म्हणून नाव आधी सगळं स्मॉलमध्ये करून मग तपासायचं. बारीकशी गोष्ट, पण त्या तेरातले नऊ औषधाच्या एकाच डोसचे होते, ते गळाले असते तर आलेख वेगळाच दिसला असता.

बरं, सगळे फोटो आले. फिजीत उघडले तर छान उजळ, गाईडना पाठवले तर त्यांच्याकडे परत काळे. परत पाठवले, परत काळे. मी म्हटलं फाईल खराब होतायत. तुम्ही समजावलंत ते मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय, की ऑटोने पिक्सेल बदलतच नाहीत, फक्त कुठला आकडा काळा दाखवायचा आणि कुठला पांढरा एवढं बदलतं, फिजी ते दोन आकडे टिफच्या हेडरमध्ये (फाईलच्या माहितीच्या भागात) लिहून ठेवतं आणि परत उघडताना वाचतं, बाकीचे प्रोग्राम ते बघतही नाहीत. फिजीमध्ये ८ बिट करताना मात्र हेच दोन आकडे वापरून स्केल होतं, म्हणून दाखवायची कॉपी हवी तर आधी रेंज, मग ८ बिट, मग सेव्ह, ह्याच क्रमाने. आणि एन्हान्स कॉन्ट्रास्टमधल्या नॉर्मलाइझवर टिक केली तर मूळ पिक्सेलच ताणले जातात, तेव्हा त्याच्यावर नंतर काही मोजायचं नाही.

इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण मी मोजलं होतं. नॉर्मलाइझ करून, त्या ताणलेल्या फोटोंवर सरासरी इन्टेन्सिटी काढली होती, आणि औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत फरकच नव्हता. गाईड आणि मी मिळून ठरवून टाकलं होतं की प्रयोग फसला, दीड महिना गेला, नवीन काहीतरी बघू. हे मी तुम्हाला तोपर्यंत सांगितलंच नव्हतं, कारण मला वाटायचं तो वेगळा विषय आहे, स्क्रिप्टचा विषय वेगळा.

तुम्ही स्क्रीन शेअर करायला सांगितलंत आणि म्हणालात, "कंट्रोल उघड." कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, शेवटच्या उभ्या रांगेतले आठ वेल, ज्यात पहिली अँटिबॉडी (जे शोधायचं त्याला चिकटणारं प्रोटीन) घातलीच नव्हती, त्यात काही दिसायलाच नको. मी उघडला तर चमचमत होता, सगळीकडे दाणे दाणे. तुम्ही जरा वेळ काहीच बोलला नाहीत, मग एवढंच विचारलंत, "अँटिबॉडी नाही, मग हा का चमकतोय?"

ताई, तीन आठवड्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी ते फोटो शंभर वेळा बघितले असतील, पण प्रत्येक वेळी "आला का उजळ, आला" एवढंच बघत होते.

कारण तुम्ही लगेच आकड्यांत दाखवलंत. सॅच्युरेटेड ०.३५ म्हणजे प्रत्येक फोटोतले ०.३५ टक्के पिक्सेल टोकाला न्यायचे, आमच्या फोटोत साधारण १४,७०० पिक्सेल, अर्धे काळ्या टोकाला अर्धे पांढऱ्या. त्या फोटोत काही असो वा नसो. कंट्रोलमध्ये सगळे आकडे २०० ते २६० च्या मध्ये होते, म्हणजे फक्त साठ आकड्यांची पट्टी, ती स्क्रिप्टने ओढून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत केली आणि कॅमेऱ्याचा नॉईज ताऱ्यांसारखा दिसायला लागला. औषधवाल्या फोटोत २०० ते १४५०, तीही ओढून तेवढीच. मग फरक राहणार कुठून? स्क्रिप्ट प्रत्येक फोटोला वेगळी मोजपट्टी लावत होती आणि मी सगळ्यांची उंची एकच आली म्हणून रडत होते.

मग आपण दोघींनी मिळून जे केलं ते आता मी डोळे मिटून सांगू शकते. आधी एक मॅक्रो जो काही बदलत नाही, फक्त प्रत्येक मूळ फाईलचं नाव, मिनिमम, मॅक्सिमम आणि पर्सेंटाइल एका सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये) लिहितो. ती यादी बघून सगळ्यांना पुरेल अशी एकच रेंज ठरवली, २०० ते १५००. मग दुसरा मॅक्रो, त्यात ऑटोची ओळ काढून सेट मिन अँड मॅक्स, २०० आणि १५००, ३८४ फोटोंना तेच, कंट्रोललासुद्धा तेच, आणि आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये, इनपुटच्या आतल्या फोल्डरमध्ये नाही, म्हणजे पुढच्या वेळी झालेलेच परत होणार नाहीत. मोजणं फक्त आणि फक्त मूळ १६ बिट फाईलवर.

रन संपला आणि कंट्रोल उघडला तर काळा. साठ आकड्यांची पट्टी आता राखाडीच्या जेमतेम बारा छटांत बसत होती, डोळ्याला काळाच. एवढा काळा फोटो बघून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. आणि मूळ फाईलवर मोजलं तर बॅकग्राउंडचे २०० वजा करून औषध न दिलेल्यात ३२० च्या आसपास, दिलेल्यात ७८० च्या आसपास. जवळजवळ अडीच पट. प्रयोग फसलाच नव्हता ताई. दीड महिन्याचं काम फोल्डरमध्ये तसंच पडून होतं आणि आम्ही ते टाकून द्यायला निघालो होतो.

क्लाहे ह्या कॉन्ट्रास्ट वाढवायच्या पद्धतीबद्दल मी विचारलं होतं, कारण त्याने फोटो फारच सुंदर दिसत होते, त्यावर तुम्ही म्हणालात पेशींच्या कडा शोधायला वापर, पण कोण किती उजळ हे ठरवायला नको, ते फोटोच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं ताणतं, म्हणजे तुझी आधीचीच चूक एकाच फोटोच्या आत. हे पटलं. तुम्ही पाठवलेला माइक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांचा जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीमधला २००४ चा लेखही वाचला. ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट बदलायला हरकत नाही पण अख्ख्या फोटोला सारखा आणि कंट्रोलला पण सारखाच, गॅमासारखं (गडद आणि उजळ भाग वेगवेगळ्या प्रमाणात बदलणारं) काही केलं तर आकृतीखाली लिहायचं. वीस वर्षं हे सगळ्यांसमोर आहे आणि मला शिकवताना कुणी सांगितलं नाही याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे प्रोटोकॉल शिकवतात, मशीन शिकवतात, फोटो काढल्यावर पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लॅब सोडून किती वर्षं झाली, माझं काही तुमच्यावर देणं नाही की घेणं नाही, एका ओळखीच्या मुलीने नंबर दिला म्हणून मी फोन केला. तुम्हाला ती स्क्रिप्ट दहा मिनिटांत लिहून पाठवता आली असती, तुमचं काम संपलं असतं. त्याऐवजी तुम्ही चार रात्री बसलात, मला एकेक आकडा वाचायला लावलात, मध्ये मी रडले तेव्हा विषय बदलला नाहीत की समजूत काढत बसला नाहीत, म्हणालात "पाणी पी, पुढची फाईल उघड." त्याने मला जेवढा धीर आला तेवढा कशानेच आला नसता. मला आता दुसऱ्या कुणाचा प्रश्न ऐकताना मध्येच उत्तर द्यायचा मोह होतो तेव्हा तुमची ती शांतता आठवते आणि मी गप्प राहते.

सीएसव्ही आणि दोन्ही मॅक्रो मेलवर पाठवलेत, गाईडनी आकृतीखाली रेंज लिहायला होकार दिलाय, २०० ते १५०० सगळ्या पॅनेलना सारखी, असं. लॅबमधल्या त्या दोघांना मॅक्रो अजून दिले नाहीत, आधी त्यांचा कंट्रोल उघडायला सांगितलाय. एकाचा चमकतोय.

एक विचारायचं राहिलं. फोटोच्या चारही कोपऱ्यांत बॅकग्राउंड मध्यापेक्षा तीस-चाळीसने कमी येतं, रेघ ओढून आकडे वाचले तेव्हा दिसलं, रिकाम्या वेलमध्येसुद्धा तसंच आहे, म्हणजे बहुतेक लाइट सगळीकडे सारखा पडत नाहीये. रिकाम्या वेलच्या फोटोंची सरासरी काढून ठेवलीय. तुम्हाला वेळ असेल तेव्हा फोन करू का?

तुमची,
कंट्रोल न उघडलेली मुलगी, आता रोज पहिला तोच उघडते