सालामांकाच्या गार्रिदो वस्तीतल्या आजींना

प्रिय आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. तुम्हाला मी सगळं तोंडी सांगेनच. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे माझ्या भाषेतल्या माणसांना कळायला हवं, विशेषतः ज्यांच्या घरातलं कुणी परदेशी शिकायला निघालंय त्यांना. काल बँकेचं कार्ड आलं. पाकिटावर माझं नाव आणि खाली तुमच्या घराचा मजला, तुमचं दार. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

आधी दुसऱ्यांबद्दल थोडं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुमचं मोल वाचणाऱ्याला कळायचं नाही.

ज्या एजंटाने मला स्पेनमधल्या सालामांकाला पाठवलं त्याच्या माहितीपत्रकात काय नव्हतं! १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, त्याच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला दगडी बेडूक, तो बेडूक ज्याला स्वतःहून सापडेल तो परीक्षेत पास होतो ही समजूत, संध्याकाळच्या उन्हात सोनेरी दिसणारा गावातला मुख्य चौक, प्लाथा मायोर. हे सगळं खरंच आहे, मी पाहिलं. खरी नव्हती ती फक्त खोली. त्या खोलीसाठी बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून पैसे भरले होते. मी बॅगा घेऊन इथे उतरले आणि एजंटाने फोन उचलणं बंद केलं. घरमालक भाडं रोख घ्यायचा, पावती द्यायचा नाही आणि माझं नाव कुठल्याच कागदावर येऊ द्यायचा नाही. राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद नाही, म्हणून पुढचं एकही काम नाही. खालच्या टपालपेटीवर नाव नाही, म्हणून बँकेचं पहिलं कार्ड आल्या पावली परत गेलं. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करायला जे कार्यालय आहे तिथून उत्तर आलं की खासगी भाड्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. माझ्याच राज्यातून आलेल्या, इथे आधीपासून राहणाऱ्या ओळखीच्यांनी "बघतो" म्हटलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. कुणी माझा अपमान केला नाही. सगळ्यांनी हसून, गोड बोलून मला पुढच्या दाराकडे धाडलं. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग तुम्ही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, जिन्यात भेटल्यावर "थंडी वाजतेय ना?" एवढंच विचारणाऱ्या. सालामांका आठशे मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो आणि त्या खोलीतला हीटर मालकाने बंद ठेवला होता. तुम्ही मला वर नेलंत आणि तुमच्या गोल टेबलाशी बसवलंत. जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड, आत विजेची शेगडी. ते कापड उचलून तुम्ही माझ्या गुडघ्यांवर ओढलंत, तेव्हा मला रडू आलं. तुम्ही काही विचारलं नाहीत. मसूर वाढलात, आणि मी मांस खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, न घालता माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवू लागलात. माद्रिदला नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलाची खोली मला दिलीत, नगरपालिकेत माझ्याबरोबर आलात, सह्या केल्यात. हे सगळं मोठंच आहे आणि त्याचे आभार मी जन्मभर मानीन.

पण मला सांगायचंय ते त्या टपालपेटीवरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्याबद्दल.

तुमच्या पेटीवर एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड होतं. वर तुमच्या यजमानांचं नाव, खाली तुमचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं नाव तुम्ही काढलं नव्हतंत. मला वाटलं, तुम्ही माझं नाव एका चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवून टाकाल. पोस्टमनला तेवढं पुरलं असतं. तुम्ही मात्र ते कार्ड सोडवून वर आणलंत, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेतलात आणि जुन्या कार्डाच्या मापाने कापलात. पट्टी ठेवून पेन्सिलीने तीन रेघा आखल्यात. पहिल्या रेघेवर ते, दुसऱ्या रेघेवर तुम्ही. मग माझा पासपोर्ट मागितलात.

तुमच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं, आणि लग्न झालं तरी बाईची तीच राहतात. आमच्याकडे आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यामुळे इथल्या प्रत्येक फॉर्मवर दुसऱ्या आडनावाचा रकाना मी रिकामा ठेवत आले होते, आणि वर्गात हजेरी घेताना मला बाबांच्या नावाने हाक मारली जायची. तुम्ही पासपोर्टवर बोट ठेवून विचारलंत, हे तुझ्या वडिलांचं, हे घराण्याचं, मग आईचं कुठाय? मी सांगितलं, आमच्यात ते लिहीत नाहीत. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "इथे लिहितात. सांग."

मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. एकेक अक्षर. तुमचा हात थरथरतो, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून तुम्ही ते ठळक अक्षरांत लिहिलंत. शाई वाळू दिलीत, मग पेन्सिलीच्या रेघा खोडल्यात, चुरा फुंकून टाकलात. खाली जाऊन कार्ड पेटीवर बसवलंत आणि ते सरळ बसलंय का हे बघायला दोन पावलं मागे गेलात.

आजी, माझ्या आईचं नाव माझ्या गुणपत्रिकेवर एका कोपऱ्यात आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लिहायचं असा नियम झाला, पण माझ्या पिढीला तो लागू नाही. आणि तिचं माहेरचं आडनाव तर तिच्या लग्नानंतर कुठल्याच पाटीवर लागलेलं नाही. मी पेटीचा फोटो काढून तिला पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. नंतर कळलं, तिने आधी मामाला फोन लावला होता, स्पेनमध्ये आपलं आडनाव लागलंय हे सांगायला.

एजंटाच्या माहितीपत्रकातलं सगळं एका पारड्यात टाकलं तरी तुमचा पुठ्ठ्याचा तुकडा जड भरेल. पोस्टमनला आईच्या आडनावाची गरज नव्हती. कुठल्याही कायद्याला नव्हती. तुम्हाला ती वाटली, कारण तुमच्या घरी राहणारी पोर अर्ध्या नावाने राहू नये.

तुम्हाला भेटल्यापासून मला या गावातला चांगुलपणा सगळीकडे दिसायला लागलाय. बाजारात माणूस आला की "शेवटचं कोण?" असं मोठ्याने विचारतो, कुणीतरी हात वर करतं, आणि रांग न लावता रांग पाळली जाते. म्हाताऱ्या बाईला बाकावर बसून राहता येतं, तिचा नंबर कुणी खात नाही. दवाखान्यात शिरणारा माणूस अनोळखी लोकांनाही नमस्कार करतो आणि निघताना सगळ्यांचा निरोप घेतो. असा साधेपणा आमच्याकडेही आहे. साताऱ्याला आमच्या आळीत कुणाकडे पाहुणा आला तर शेजारून आधी दूध येतं, चौकशी नंतर. माणसाला आधी बसवायचं आणि मग विचारायचं, हे ज्यांना कळतं ती माणसं मला कुठेही ओळखू येतील असं वाटतं. खुर्चीवर बसून "हे आमच्या अखत्यारीत येत नाही" म्हणणाऱ्यांना ते शिकवायला कुठलं विद्यापीठ पुरेल, मला ठाऊक नाही. आठशे वर्षं जुनं विद्यापीठ तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण या बाबतीत त्या कार्यालयातल्यांनी तुमच्या टेबलाशी येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, लुनेस दे आग्वासला, सगळं गाव तोर्मेस नदीकाठी जेवायला जातं आणि मला यायचंच आहे असं तुम्ही बजावलंय. त्या दिवशी खातात त्या ओर्नाथोत, म्हणजे भरलेल्या भाजलेल्या पावात, मांस असतं म्हणून माझी काळजी करू नका. आईने भाजणी पाठवलीय, मी थालीपीठं लावून आणीन. तुमच्या मुलालाही सांगा, डबा मोठा असेल.

तुमची,
तिसऱ्या ओळीतली मुलगी