वजनाचं ऑपरेशन झालंय हे घरच्यांपासून आणि डॉक्टरपासून लपवू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय 43. मागच्या वर्षी मार्चअखेर नाशिकला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. तुळशीचं लग्न जवळ आलंय, मग लग्नसराई, आणि गेल्या दोन महिन्यांत तीन बायका माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेल्या की ताई तुम्ही ते नाशिकला जाऊन काय केलं. त्यातली एक तर लेकीसाठी विचारत होती, लग्नाच्या आधी उरकून घेऊ म्हणे, कोणाला कळायला नको. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही, कारण "कोणाला कळायला नको" याच नादात मी मरता मरता वाचलेय. म्हणून हे पत्र.

आधी थोडं माझ्याबद्दल. वजन 108 किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 45. सात वर्षांची शुगर, दोन गोळ्या चालू, गुडघे गेलेले, रात्री घोरताना श्वास अडकायचा आणि मिस्टर हलवून उठवायचे. डाएट, चालणं, काढे, उपास सगळं करून झालं होतं, दहा किलो उतरायचं आणि बारा किलो वाढायचं. मी आळशी होते असं कोणी म्हणू नये, शाळा आणि घर दोन्ही सांभाळून मी हे सगळं केलंय. विम्याचं सांगते, आमचा एजंट सरळ म्हणाला होता की वजनाच्या ऑपरेशनला क्लेम मिळतच नाही, ते खरं नाही. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे बीएमआय 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून सोबत आटोक्यात नसलेली शुगर, झोपेत श्वास अडकण्याचा मोठा त्रास, हृदयविकार असं काही असेल आणि साधे उपाय करूनही वजन उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल तर लठ्ठपणाचं कारण देऊन नाही म्हणता येत नाही. पॉलिसीचा वेटिंग पिरियड वगैरे मात्र तपासून घ्या.

माझं स्लीव्ह झालं. पोटाचा, म्हणजे खाल्लेलं साठतं त्या पिशवीचा, जवळजवळ 75 ते 80 टक्के भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. बायपास वेगळं, त्यात वरची छोटी पिशवी ठेवून आतडं वळवून जोडतात. ऑपरेशनआधी माझी एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉईड, बी12, डी, लोह, झोपेची तपासणी झाली, मानसोपचार डॉक्टरही एकदा बोलले. माझ्या शेजारच्या बेडवर एक मावशी होत्या, मिश्री लावायच्या, त्यांची तारीख आधी दीड महिना पुढे ढकललेली, कारण तंबाखू सुटल्याशिवाय टाके नीट भरत नाहीत आणि फुफ्फुसाला धोका. मला ते आवडलं, डॉक्टरने पेशंट परत पाठवायची हिंमत दाखवली.

आणि ते आधीचे पंधरा दिवस. फक्त पातळ, प्रोटीन पावडर, ताक, मुगाचं कढण, भाज्यांचं सूप. लोकांना वाटतं हे वजन कमी करायला असतं. खरं कारण असं की आपल्यासारख्या जाड माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका पोटावर येतो, तो आकसला नाही तर सर्जनला पोट नीट दिसत नाही. सासूबाई चुलीवर कळण्याची भाकरी टाकायच्या, सोबत भरीत, आणि मी मागच्या ओट्यावर पेला घेऊन बसायचे, वास घरभर. चौथ्या दिवसापर्यंत डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग सवय झाली. चोरून खाऊ नका एवढंच सांगते, नुकसान ऑपरेशनच्या टेबलावर होतं.

ऑपरेशन दीड तासाचं, त्याच संध्याकाळी नर्सने धरून चालवलं, पायात घट्ट मोजे, रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शन, आणि फुफ्फुसांच्या व्यायामासाठी श्वास आत ओढून उचलायचं ते तीन चेंडूंचं खेळणं. तिसऱ्या दिवशी घरी. गाडीने नाशिक ते अमळनेर चार तास, दर तासाला उतरून चाललो.

चूक झाली ती इथून पुढे. आम्ही गावात सांगितलं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. लोक काय म्हणतील, पैसे देऊन बारीक झाली म्हणतील, बाईला जिभेवर ताबा नाही म्हणतील, ह्या भीतीने. घरात फक्त मिस्टर आणि मोठी मुलगी यांना खरं माहीत. सासूबाईंनासुद्धा नाही. आणि एकदा खोटं सांगितलं की प्रत्येक जेवणाला ते निभवावं लागतं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या बाईला महिन्याभराने पोळी का चालत नाही, ह्याचं उत्तर काय द्यायचं?

पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ, सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं पण बोटभर, असा तो चार्ट होता. पाणी एकदम प्यायचं नाही, 30 मिली, पंधरा मिनिटांनी परत 30 मिली. धाकट्या मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण होतं, ते तीनदा भरलं की झालं. हिशोब करा, तासाला 120 मिली, दिवसाला दीड लिटर जायला साडेबारा तास लागतात, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा 43-44 ला. घसा कोरडा, समोर माठ, आणि हातात ते झाकण. ज्याला जमेल त्याने खान्देशात हे ऑपरेशन हिवाळ्यात करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, हॉस्पिटलवाले तारीख देताना हा विचार करत नाहीत.

पाचव्या आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. नणंदा माहेरी आलेल्या, लिंबाला झोके, घागर भरलेली, सांजोऱ्या, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. पंगतीत माझ्या ताटात दोन चमचे मऊ खिचडी बघून सासूबाई म्हणाल्या, "इतलंसं खाईसन कसं जगशी वं माय?" आणि प्रेमाने रसात बुडवून पुरणपोळीचा घास माझ्या तोंडात घातला. मी नाही म्हणू शकले नाही. दुसरा घासही गेला. छातीच्या खाली कोणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं झालं, तोंडात लाळ, आणि मग उलटी. ती थांबलीच नाही. पुढचे नऊ दिवस पाण्याचा घोटसुद्धा धड टिकेना, व्हिटॅमिनच्या गोळ्या तर केव्हाच बंद पडलेल्या.

गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, तिथेही मिस्टरांनी पित्ताच्या खड्यांचंच सांगितलं, शेजारी बसलेले होते ना ओळखीचे. डॉक्टरांनी ऊन लागलंय, ॲसिडिटी आहे असं समजून ग्लुकोजचं सलाईन लावलं. त्यांना दोष देत नाही, आम्हीच त्यांना अंधारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दोन दोन दिसायला लागले, उठले तर पाय भलतीकडे पडायचे, मी मुलीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली म्हणे. मुलगी घाबरली आणि तिने कोणाला न विचारता नाशिकला फोन लावला. तिकडून सर्जन गावातल्या डॉक्टरांशी बोलले, ग्लुकोज थांबवा, आधी बी1 चं इंजेक्शन शिरेतून द्या.

कारण हे की बी1 म्हणजे थायमिन या व्हिटॅमिनचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. खाणं बंद, उलट्या चालू, की तो संपतो, आणि त्यात ग्लुकोज चढवलं की ते जाळायला उरलंसुरलं बी1 पण लागतं, मग मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो, कधी कायमचा. मला दोन दिवसांत नीट दिसायला लागलं, चाल सुधारायला महिना गेला, तळपायाच्या मुंग्या तर दिवाळीपर्यंत होत्या. नंतर नाशिकला दुर्बीण घातली तेव्हा नळी एका जागी अरुंद झालेली निघाली, फुग्याने रुंद केली. म्हणजे पुरणपोळी निमित्त झाली, आजार आतच होता, पण घरात आणि दवाखान्यात खरं माहीत असतं तर नऊ दिवस गेले नसते.

सासूबाईंना हॉस्पिटलमध्येच सांगितलं. त्या रडल्या, म्हणाल्या मला सांगतीस तर मी तुझ्या तोंडात घास घातला असता का. आणि त्या दिवसापासून मुगाचं कढण, मऊ पनीर, अंड्याचा पांढरा भाग सगळं त्याच बघतात, दिवसाला 60 ग्रॅम प्रोटीन झालं का ते त्याच विचारतात. डाळीच्या वरच्या पाण्यात काही नसतं, घट्ट डाळ घोटून द्यावी लागते, केळं मऊ म्हणून लोक भरवतात पण त्यात साखरच जास्त, हे त्या आता दुसऱ्यांना सांगतात. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळाले तेव्हा त्यांनीच धीर दिला, आले परत सगळे. आज वजन 71, शुगरची अर्धी गोळी उरली, घोरणं बंद.

आता ज्या आईने लेकीसाठी विचारलं तिला आणि तिच्यासारख्यांना. लेकीला खरंच गरज असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर करा, पण फोटोत बारीक दिसायला आणि सासरपासून लपवून अजिबात करू नका. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने दिवस राहू देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात, आईलाच पुरत नाही तर बाळाला काय मिळणार. आणि आपल्याकडे लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून विचारणा सुरू होते. ती पोरगी काय सांगेल? रोज बी12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर खायच्या असतात, त्याही काय मोरीत लपून खाईल?

गावातल्या डॉक्टरांना एक विनंती, उलट्यांचा पेशंट अंगाने अचानक उतरलेला दिसला तर त्याला बाजूला घेऊन, नातेवाईक नसताना, वजनाचं ऑपरेशन झालंय का हे विचारा. पहिल्या काही आठवड्यांत नाडी 120 च्या वर, ताप, पोटात जोराची कळ, डाव्या खांद्यात दुखणं असं असेल तर टाक्यातून गळती असू शकते, त्याला गॅसची गोळी देऊन घरी पाठवू नका. वजनाचं बायपास झालेल्याला कंबरदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर लिहून देऊ नका, जोडाजवळ अल्सर होऊ शकतो.

मी आता पर्समध्ये एक कार्ड ठेवते, मुलीने मराठीत लिहून लॅमिनेट करून दिलंय: स्लीव्ह ऑपरेशन झालेलं आहे, उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी बी1 द्या, खाली सर्जनचा नंबर. आपण लग्नसराईच्या आधी पेपरात एक छोटी चौकट छापून हा मजकूर दिलात तर ज्यांना घरात बोलायची सोय नाही त्या कापून तरी ठेवतील. आणि त्या आईला सांगते, लेकीला घेऊन शाळा सुटल्यावर माझ्या घरी या, सासूबाईही असतील, बसून बोलू.

आपली,
एक शिक्षिका, ता. अमळनेर, जि. जळगाव